गेटपासून तिसरी समाधी

त्या सोमवारी आभाळ गच्च भरलं होतं, पण वारा म्हणून नव्हता. बनियन पाठीला चिकटलेलं. तरी मी परभणीतल्या आमच्या लिंगायतांच्या जुन्या रुद्रभूमीत, म्हंजे माणसं पुरायच्या जागी, निघालो. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात तिला शब्द दिला होता, "तुझ्याकडं यायचा सोमवार चुकवणार न्हाई." चुकवला नाही. उभ्या जन्मात तेवढं एकच काम नेमानं केलं. इतक्या खेपा झाल्यावर किस्से साठणारच, आणि समद्यांत येडा मीच! शाळेची पायरी चढलो नाही, म्हणून हे नात लिहून घेतीय.

*

एकदा कॉलेजच्या पोरी जुने दगड बघायला आल्या. मी लगेच गाईड! कोपऱ्यातल्या एका दगडाला मी कायम विभूती लावून हात जोडायचो. म्हटलं, "हे निजामाच्या काळातले लय मोठे स्वामी."

एकीनं विभूती पुसून वाचलं. "आजोबा, 'इथं कचरा टाकू नये' असं लिहिलंय."

मी म्हटलं, "म्हणूनच मी कधी टाकत न्हाई!"

*

आमच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. माझे गुडघे तर वाकत नाहीत. दोस्त गुरप्पा म्हणाला, "तुला बसवायचं कसं? आत्तापासून प्रॅक्टिस कर."

लिंबाखाली बसलो. बसलो ते उठताच येईना! गुरप्पा आणि राखणदार काखेत हात घालून ओढायलेत, तेवढ्यात एक बाई थांबली. हात जोडून विचारते, "कवा गेले हो?"

गुरप्पा म्हणाला, "जायलेत. गुडघे सोडीनात!"

*

आता तो सोमवार. बेलाचं पान वाहून बायकोला सुनेच्या तक्रारी सांगायलो होतो. मागं शेजारचा शिवलिंग येऊन उभा. सणासुदीलाच येणारा माणूस.

"आप्पा, ही माझ्या मायची समाधी हाय."

रस्ता रुंद झाला तवा जुनं गेट बुजवून पलीकडच्या टोकाला नवं केलं. मी आपला गेटपासून तिसरी मोजत राहिलो! चार वर्षं बायको त्या टोकाला, मी या टोकाला.

मी म्हटलं, "ती वाट बघायली असंल रे..."

शिवलिंगानं दंडाला धरून तिच्यापाशी नेलं. उरलेलं पान वाहिलं. कान धरून माफी मागितली.

शिवलिंग घुटमळला. मग हळूच म्हणाला, "आप्पा, मायपाशी दर खेपेला पान दिसायचं. मला वाटलं, थोरला भाऊ वाहतो. म्हणून तर त्याच्याशी बंद पडलेलं बोलणं मी पुन्हा सुरू केलं. त्याला काही सांगू नका. अन् पान बंद करू नका!"