जर्मनीतली ट्राम आणि सांगवीची एसटी

घरात किस्से कसे साठतात, तर फडताळात प्लास्टिकचे डबे साठतात तसे. कुणी आणले ते आठवत नाही, टाकवत नाहीत, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. माझी धाकटी बहीण दीपाली इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला जर्मनीला गेली, तेव्हापासून आमच्याकडं बसचे किस्से असेच साठलेत. ती बसमध्ये बसली की व्हिडिओ कॉल लावते. एकीकडं कळंबला माहेरी अण्णा आणि आई, दुसरीकडं सांगवीला सासरी मी. तिकडं एक बस चुकली की इकडं दोन गावांत कळतं.

मी सातवीपर्यंत शिकले. आमच्या वस्तीवरची शाळा तेवढीच होती. आठवीला फाट्यावरून एसटीनं जावं लागायचं आणि पोरीला एसटीत एकटं बसवायला अण्णा तयार नव्हते. दीपालीच्या वेळी तयार झाले. सगळी काळजी बहुतेक माझ्यावरच खर्च झाली असेल.

आता माझी अन्वी पाचवीला गेली. आमच्या ह्यांनी तिचं नाव बारामतीच्या शाळेत घातलं. मी एवढंच म्हटलं, की पहिल्या आठवड्यात एक दिवस जरी पोरगी वेळेवर घरी आली नाही, तर तिथून नाव काढायचं आणि गावातल्या शाळेत घालायचं. ह्यांनी मान हलवली. अन्वीनं हलवली नाही.

दीपालीला हे कळल्यावर तिनं अन्वीला फोनवर आपले सगळे किस्से परत सांगितले, धीर यावा म्हणून. अन्वीला धीर आला. मला नाही.

*

पहिला किस्सा घंटीचा.

दीपाली पहिल्यांदा तिकडच्या बसमध्ये बसली आणि पास हातात धरून कंडक्टरची वाट बघत राहिली. कंडक्टर आलाच नाही. तिचा स्टॉप आला तशी ती उठून उभी राहिली. बस थांबली नाही. पुढचाही स्टॉप गेला. शेवटी कुणीतरी बटण दाबलं तेव्हा त्या माणसाच्या मागं मागं ती उतरली आणि चालत परत आली.

हे अण्णांना काही केल्या पटेना. "कंडक्टरच न्हाय? मग घंटी कोन मारतं?"

"आपणच मारायची अण्णा. बटण असतंय."

अण्णा म्हणाले, "ज्येला त्येला घंटी मारायला दिली तर गाडी पोचायची कवा?"

दुसऱ्या दिवशी दीपालीनं भीतीपोटी प्रत्येक स्टॉपच्या आधी बटण दाबलं. बस थांबायची, दार उघडायचं, कुणीच उतरायचं नाही. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला तसा तिनं फोन बंद केला. इकडं अण्णा आईला म्हणाले, "मी काय म्हनलो हुतो?"

*

इंदापूरच्या स्टँडवर गाडी लागली की आमची माणसं खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात आणि निवांत चहाला जातात. भ्यायचं काही कारण नसतं, कारण ड्रायव्हर-कंडक्टरही त्याच टपरीवर असतात.

दीपालीनं तिकडं तेच केलं. शेवटच्या स्टॉपवर रिकामी ट्राम उभी होती. खिडकीजवळच्या सीटवर हिनं स्टोल पसरला आणि पाण्याची बाटली आणायला खाली उतरली. वळून बघते तर दारं लागलेली. स्टोल खिडकीजवळ बसून गावात गेला.

दोन-चार दिवसांनी हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात तो मिळाला. घडी घालून कागदी पिशवीत ठेवला होता. अण्णांना त्या देशाचं पहिल्यांदा कौतुक वाटलं. "सीट गेली, पन रुमालाला कुनी हात लावला न्हाय."

स्टोलच्या जागी पासपोर्टची पर्स असती तर, असं मी विचारलं. दीपालीनं परत स्टोलची घडी दाखवली.

*

तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. दीपालीला ते माहीत होतं, पण तिच्या पायांना माहीत नव्हतं. एका रविवारी ती सवयीनं भलत्या बाजूला उभी राहिली आणि आलेल्या बसमध्ये बसली. शहर संपलं, घरं संपली, मका सुरू झाला. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं उतरायला सांगितलं. समोर गोठा.

तिनं रडवेल्या आवाजात अण्णांना कॉल लावला. माझा जीव इकडं टांगणीला. अण्णा म्हणाले, "रडती कशाला? फोन जरा गाईकडं फिरव."

मग, दूध किती देती इचार. पेंड कुठली घालत्यात इचार. दीपालीनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. गोठ्याच्या मालकानं आकडा सांगितला. अण्णांना खोटा वाटला. त्यांनी गाईची कास जवळून दाखवायला सांगितली. मालकानं तीही दाखवली. शेवटी त्याच्या बायकोनं दीपालीला चहा दिला आणि गाडीनं स्टेशनवर सोडलं.

आता ती महिन्यातनं एखाद्या रविवारी मुद्दाम त्याच बाजूला उभी राहून चुकते.

*

छोटासा एक आहे. एकदा तिची रेल्वे बरीच उशिरा होती. फलाटावरचे सगळे घड्याळाकडं बघून चिडलेले. दीपाली आपल्या बॅगेवर बसली, आईनं पाठवलेल्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, तुला राग कसा येत नाही? दीपाली म्हणाली, इथं आल्यापासून आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतंय.

त्या बाईंनीही थोड्या शेंगा सोलल्या.

*

आणि हा अन्वीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा.

सकाळी मी तिला एसटीत बसवलं. कंडक्टरला सांगितलं, हिच्याकडं लक्ष ठेवा. खिडकीतून ड्रायव्हरला सांगितलं. मग बारामतीला कामाला जाणाऱ्या आमच्या गावच्या बायका, त्या संध्याकाळच्या एसटीनं परत येतात, त्यांना एकेकीला वेगवेगळं गाठून सांगितलं, "येताना तेवढी माझी अन्वी गाडीत बसल्याबिगर गाडी हलू देऊ नका." पुढच्या आळीतल्या सुमनवहिनींना तर हातच धरून सांगितलं.

संध्याकाळी वेळ झाली. एसटी नाही. मागून निघालेली, माणसं कोंबून नेणारी वडापची जीप येऊन गेली. तरी एसटी नाही. हे माझ्या शेजारी उभे राहून सारखं घड्याळ बघत होते. नाव कुठल्या शाळेतून निघणार हे त्यांनाही कळलं होतं. मी दीपालीला फोन लावला. ती ट्राममध्ये होती. म्हणाली, "ताई, एसटीच हाय ती, येईल." मी फोन सोडेना. माझ्या नादात तिचा स्टॉप गेला.

दिवे लागल्यावर एसटी आली.

आधी सुमनवहिनी उतरल्या. त्यांचा घसा बसला होता. त्यांनीच सांगितलं. गाडी सुटायची वेळ झाली आणि अन्वी कुठं दिसेना. सगळ्या बायका दारात उभ्या राहिल्या आणि गाडी सोडू देईनात. दोघी शाळेपर्यंत पळत जाऊन आल्या. स्टँडच्या भोंग्यावरून नाव पुकारलं. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. शेवटी एक बाई पिशवी ठेवायला अगदी मागच्या सीटकडं गेली, तर तिथं दप्तर उशाला घेऊन अन्वी झोपलेली. सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. दमलेलं लेकरू म्हणून मग कुणी उठवलंही नाही.

कंडक्टर अन्वीला हात धरून खाली घेऊन आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, पोरीला उद्याबी पाठवा. पन बायांना काय सांगत जाऊ नका."

एसटी गेली. हे माझ्याकडं बघत होते. मी दप्तर घेतलं आणि म्हटलं, "उद्या डबा जरा लवकर करते."

अन्वीच्या गालावर दप्तराच्या चेनचा वळ उठला होता. डोळे चोळत तिनं विचारलं, "आई, एवढा वेळ गाडी कुणासाठी थांबली होती गं?"