सोजरबाईचं काळं नख

कवठे येमाईत सोजरबाईच्या शब्दाला वजन होतं. वांग्यावर कीड पडली की लोक तिलाच विचारायचे, आणि एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागं घेणं तिला ठाऊक नव्हतं. "आमची चंद्री म्हैस न्हाई, गरीब गाय हाय! कुनी शेपूट ओढलं तरी पाय उचलायची न्हाई," असं तिनं साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या भागुबाईला ते कधीच पटलं नाही.

शहात्तर सालातली गोष्ट. सकाळी धार काढताना चंद्री म्हशीला गोमाशी चावली. तिनं पाय उचलला तो नेमका सोजरबाईच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवला आणि तशीच निवांत रवंथ करत उभी राहिली. बाईनं ओठ चावला, पण हूं की चूं केलं नाही. कुडापलीकडं भागुबाई भांडी घासत होती.

तिसऱ्या दिवशी नख काळंकुट्ट पडलं.

"काय झालं गं, सोजराक्का?"

"आपसूकच झालं."

नवऱ्यालाही तिनं हेच सांगितलं. रखमाजीनं हळद लावून पाहिली. कुणी काटा म्हणालं, कुणी करणी. शेवटी त्यानं तिला एस्टीत बसवून शिरूरच्या डॉक्टरकडं नेलं. आधाराला म्हणून भागुबाईही निघाली.

"पायावर काही पडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"चप्पल आखूड होते?"

"म्या चप्पलच घालत न्हाई."

"मग कुणाचा पाय पडला?"

सोजरबाईनं भागुबाईकडं तिरपं पाहिलं. "न्हाई म्हनलं न्हवं!"

डॉक्टर गंभीर झाले. "मार नसताना नख असं काळं पडणं बरं नाही. क्वचित आत वाईट गाठही असते. पुण्याला जाऊन तपासून घ्यावं लागेल."

रखमाजीनं डॉक्टरांचा हातच धरला. "डॉक्टरसायेब, वाचंल न्हवं ही?"

त्याच्या डोळ्यांत पाणी बघून बाईचा धीर सुटला.

"म्हशीनं पाय दिला!" ती अशी ओरडली, की बाहेरचे पेशंट आत डोकावले. "आमच्या चंद्रीनं! आन् वर काढायचं नाव न्हाई!"

डॉक्टरांनी हसू आवरलं. "मग हे आत साकळलेलं रक्त आहे. नख आपोआप गळेल, ओढू नका. जागा स्वच्छ, कोरडी ठेवा, शेणात उघडा पाय घालू नका. सूज वाढली किंवा पू झाला तर लगेच या. नवं पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष लागेल."

"दीड वर्स? तेवढ्यात वांग्याची दोन पिकं निघत्यात!"

परतीच्या एस्टीत सोजरबाई खिडकीबाहेर तोंड करून बसली. आता गावभर होणार! भागुबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"आक्का, गेल्या दिवाळीत म्या वढ्यात घसरले न्हवं का?"

"व्हय, गुडघा फुटला व्हता."

"वढा न्हाई, काय न्हाई. आमच्या म्हशीनं लाथ घातली व्हती."

दोघी अशा हसत सुटल्या, की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. रखमाजीला मात्र हसायचं काय झालं ते कळेना.

महिन्याभरानं नख गळलं. दीड वर्षानं नवं पुरतं आलं ते जरा जाड आणि वाकडं होतं. कुणी विचारलं की दोघी एका सुरात सांगायच्या, "आपसूकच झालं."