बॉनेटच्या आतलं कुंकू

हां, तर तो गेटवरचा पहारेकरी गुरुनाथरावांना म्हणाला, "सर, मी तुम्हाला रोज बघतो. तुम्ही सज्जन माणूस. पण आत पार्किंगमध्ये हजारो माणसं आहेत, ती तुम्हाला ओळखत नाहीत. एवढं पुसा आणि मग आत जा." काल इथपर्यंत सांगून झालं होतं, मग चहा आला, आणि चहा आला की माझं बोलणं भलत्याच गावाला जातं. आज मात्र पुरतं सांगतो.

गुरुनाथ बांदेकर म्हणजे आमच्या प्रसादच्या समोरच्या घरातले. गाव मिशिगनमधलं कँटन. डेट्रॉइटजवळ, फोर्ड कंपनीचं डिअरबॉर्न तर अगदीच जवळ. मी आणि आमची मंडळी उन्हाळ्यात लेकाकडे येतो आणि बर्फ पडायच्या आत तासगावला पळतो. प्रसाद दिवसभर कॉम्प्युटरवर. मग मी कोणाशी बोलायचं? समोर हे गृहस्थ एकटे. मी बोलतो, ते ऐकतात. माझं काम झालं की नाही?

गुरुनाथराव चौऱ्याऐंशी साली शिकायला आले आणि पुढे फोर्डमध्ये चिकटले ते रिटायर होईपर्यंत. काम काय, तर मोटारीच्या दाराभोवती जी रबरी पट्टी असते ना, पाणी आत येऊ नये, वारा शिट्टी वाजवू नये म्हणून, ती. आयुष्यभर तीच पट्टी. त्यांच्या सुलभाबाई सगळ्यांना सांगायच्या म्हणे, "लोकांचे नवरे गाड्या बनवतात. आमचे हे गाडीच्या फटी बुजवतात." मी बाईंना पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी, आमचं इकडे येणं सुरू व्हायच्या आधीच गेल्या. पण शेजारच्या बायका त्यांची बोलणी अजून आमच्या मंडळींना ऐकवतात, आणि त्यावरून बाई कशी असेल ते कळतं.

तर तो दसरा. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी कोरी चंदेरी टॉरस दारात आलेली. टॉरस म्हणजे फोर्डचीच मोटार, आणि त्या शब्दाचा अर्थ वृषभ, हे मला गुरुनाथरावांनी सांगितलं तेव्हा मी टाळीच वाजवली. म्हणजे दारात बैलच बांधलाय की! मग बाईंनी पोळ्याच्या बैलासारखं सजवलं तर चुकलं कुठे? झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाचं चांगलं वीतभर स्वस्तिक. गुरुनाथराव लिंबं चिरडून थेट कंपनीच्या गेटवर. आता आपल्याकडे ते शुभ, पण दुसऱ्या महायुद्धात त्याच खुणेखाली लाखो माणसं मारली गेलेली, आणि बघणाऱ्याला त्या दोहोंत फरक दिसत नाही. पहारेकरी शहाणा म्हणून निभावलं. यांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं. चंदेरी रंगावर गुलाबी डाग मात्र हिवाळाभर राहिला.

संध्याकाळी घरी सांगितल्यावर बाई रडल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "बाहेर चालत नाही ना? मग आत काढते. देव काय पत्र्याला अडतो?" बॉनेट उघडलं की आतल्या बाजूला काळं, जाड, घोंगडीसारखं अस्तर असतं, इंजिनाचा आवाज दबावा म्हणून. त्यावर त्या दर दसऱ्याला स्वस्तिक काढायच्या. जुन्यावरच नवं. इंजिनाच्या उबेने ते कुंकू भाजून भाजून अस्तरात मुरलं. गाडी कंपनीत, बाजारात, देवळात, सगळीकडे फिरली आणि कोणाला पत्ता नाही.

गुरुनाथरावांनी मला एकदा फोर्डचा जुना इतिहास दाखवायला डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये नेलं. बरोबर प्रसाद होता. त्याची गाडी जपानी, म्हणून निघताना ती त्याने बांदेकरांच्या दारात न आणता रस्त्यावरच उभी केली. इकडे तशी रीतच आहे. ज्याच्या घरची भाकरी ज्या कंपनीची, त्याच्या दारात त्याच कंपनीची गाडी. सुलभाबाई पाहुण्यांना दारातूनच ओरडायच्या, "होंडा का? मग तिकडे झाडाखाली!"

म्युझियममध्ये फोर्डची जुनी मॉडेल टी मोटार बघितली. उंच, काळी, टांग्यासारखी. एकोणीसशे आठ साली आली आणि दीड कोटीच्या वर बनल्या. मी विचारलं, "एवढ्या बनवल्या कशा हो?"

"लाइन," गुरुनाथराव म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडी पुढे सरकते. माणूस जागेवर."

मी विचार केला आणि प्रसादला म्हणालो, "अरे, म्हणजे ही उलटी पंगत! आपल्यात जेवणारा बसतो आणि वाढपी फिरतात. इथं पानच फिरतंय आणि वाढपी एकेका जागी उभे. एक फक्त मीठ वाढणार, एक फक्त लिंबू."

"आणि बाबा, बारा तासांचं काम दीड तासावर आलं," प्रसाद म्हणाला.

"मग वाढपी कंटाळत नसेल का? जन्मभर नुसतं मीठ?"

गुरुनाथराव पुढे चालू लागले होते. तिथूनच, मान न वळवता म्हणाले, "मी रबर वाढलं."

मी हसलो. ते हसले नाहीत. हे असं आहे त्यांचं. विनोद करतात तोही पाटी वाचून दाखवल्यासारखा. सकाळी विचारा, चहा? चालेल. थंड झालाय, गरम करू? चालेल. तसाच देऊ? चालेल. मी एकदा मुद्दाम विचारलं, गुरुनाथराव, चहात मीठ घालू का? तर थोडं थांबले आणि म्हणाले, "घातलंत तर चालेल."

टॉरसची हकीकतही मीच खोदून काढली. पंच्याऐंशी सालच्या शेवटी बाजारात आली तेव्हा बाकीच्या गाड्या ट्रंकेसारख्या चौकोनी होत्या, आणि ही साबणाच्या वडीसारखी गोल. लोक वेडे झाले. नव्वदच्या पुढे काही वर्षं साऱ्या अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी मोटार हीच. मग जपानी गाड्या पुढे गेल्या. एकदा बंद केली, मग नाव पुन्हा आणलं, आणि दोन हजार एकोणीस साली कायमची बंद. कंपनीने ठरवलं, इथून पुढे या देशात ट्रक आणि मोठ्या उंच गाड्याच विकायच्या. साध्या घरच्या मोटारी नकोत. त्याच वर्षी गुरुनाथराव रिटायर झाले.

"शेवटची गाडी निघाली तेव्हा काय वाटलं हो?"

"मेल आली होती."

"अहो, वाटलं काय?"

"काही नाही. जेवत होतो. सुलभा म्हणाली, तुमचा बैल गेला आणि तुम्ही वरणभात कालवताय? काही वाटतं की नाही माणसाला? मी म्हटलं, वरण छान झालंय."

त्यांना काही आवडतं म्हणावं तर ते एकच: कुठल्याही गाडीचं दार लागलं की त्यांचा कान तिकडे वळतो. प्रसादच्या जपानी गाडीचं दार लागलं तेव्हासुद्धा म्हणाले, "चांगलंय." शत्रूचं दार, पण चांगलं म्हणाले.

बाई गेल्या त्या दिवशीचं मला प्रसादने सांगितलं. लोक जमले, तर हे इस्त्री करत उभे. एका शर्टाची इस्त्री झाली की दुसरा. कोणी हात धरला, तर म्हणाले, बसा ना. डोळ्यांत पाणी नाही. तेव्हापासून हे असंच. देवयानीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, याचीच धास्ती. ती कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते, विजेवर चालणाऱ्या मोटारींचं सॉफ्टवेअर बघते. इथेच जन्मलेली, मराठी समजतं सगळं, बोलताना इंग्रजीत घसरते. ती फोनवर म्हणाली, बाबा, घर विकू, तू माझ्याकडे ये. हे म्हणाले, चालेल. टॉरस पण विकू? चालेल. तिला वाटलं, बाबा तयार आहे. आता आपल्या माणसांत चालेल म्हणजे हो असतं, नाही असतं, आणि मला विचारू नका असंही असतं. पण ते ओळखणारी बाई घरात राहिली नव्हती ना.

ती यंदा दसऱ्याच्या आठवड्यात आली. खोकी भरली, भांडी वाटून टाकली. गाडीला गिऱ्हाईकही शोधलं, वीस मैलांवरचा एक रिटायर्ड गोरा मास्तर. तो दसऱ्याच्याच दिवशी दुपारी येणार. मला हे प्रसादने सांगितलं आणि मी उठलोच.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," प्रसाद म्हणाला.

"मध्ये कशाला पडतोय? बैल विकायचा तरी ओवाळून विकतात. तेवढा झेंडू घे."

नारळ, कुंकू, हार घेऊन मी समोर गेलो. मला बघून देवयानी हसली. "आप्पाआजोबा, कार सेल करतोय आम्ही. नाऊ पूजा?"

"आत्ताच तर पूजा. विकल्यावर कुठं करायची, त्या मास्तराच्या दारात? आणि तुझ्या त्या विजेच्या गाडीत बॉनेट उघडलं तर काय असतं?"

"नथिंग. स्पेस असते. बॅग ठेवायला."

"म्हणजे रिकामा डबा! पूजा कशाची करणार, बॅगेची?"

ती आणखी हसली. पोरगी आईवर गेलीय म्हणतात. गुरुनाथराव गॅरेजच्या दारात उभे होते, हात खिशात. मी म्हटलं, "गुरुनाथराव, इंजिनाला हार घालू ना?"

"चालेल."

त्यांनी आत वाकून कळ ओढली. देवयानीने बॉनेट वर उचललं आणि टेकू लावला. आतलं अस्तर वर झालं. आणि त्यावर ते स्वस्तिक. मी नुसती गोष्ट ऐकली होती, पाहिलं तेव्हाच. लाल नव्हतं राहिलं. वाळलेल्या रक्तचंदनासारखं तपकिरी, कडा जाड, एकावर एक इतक्या वेळा काढलेलं की बोटाचा ओघ दिसत होता. खालच्या उजव्या भुजेला जरा वाकडं वळण, दर वर्षी तसंच वाकडं. बाईंचं बोट तिथे वळायचं, दुसरं काय.

"ओ माय गॉड," देवयानी म्हणाली. लहानपणी दसऱ्याला आई बॉनेट उघडायची एवढंच तिला आठवत होतं. "बाबा, तो माणूस येतोय. ही कान्ट सी धिस. ही विल थिंक... आय डोन्ट नो व्हॉट ही विल थिंक." आणि तिने पर्समधून ते ओले कागद काढले, बाळांना पुसतात तसले. दोन ओढले. हात वर नेला.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, काय बोलणार होतो ते मला आजही आठवत नाही, कारण गुरुनाथराव मध्ये आले. घाईने नाही. सरळ चालत आले आणि मुलीच्या मनगटाला हात लावला. धरलं नाही, नुसता लावला.

"बाबा? व्हॉट?"

ते अस्तराकडे बघत राहिले. चेहरा तसाच, वरणभात कालवताना असेल तसाच. समोरच्या रस्त्यावर गाडी थांबली. दार लागलं. पहिल्यांदाच त्यांचा कान तिकडे गेला नाही.

"बाबा, दॅट्स हिम. तूच म्हणालास चालेल. मी तीनदा विचारलं. आता प्लीज नीट सांग, विकायची की नाही? मी पुसू की नको?"

मास्तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी टोपी काढून उभा राहिला. मी त्याला हाताने थांबा अशी खूण केली. तो बिचारा थांबला. गुरुनाथरावांनी मुलीच्या हातातले ओले कागद घेतले, घडी घातली, खिशात ठेवले, आणि म्हणाले:

"पुसू नकोस. आई गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही गं. तू आलीस त्याचंही वाटलं नाही, राग मानू नकोस. घर वीक, फ्रीमाँटला ने, सगळं चालेल. पण हे पुसलं आणि तरीही मला काहीच वाटलं नाही तर? तेवढं मला बघायचं नाहीये. गाडी राहू दे."