अकस्मातरावांची तेविसावी टिप्पणी

आमच्या कार्यालयात त्यांना खऱ्या नावाने फक्त पगारपत्रक हाक मारायचं. बाकी सगळ्यांचे ते अकस्मातराव. आकस्मिक निधीचं टेबल त्यांच्याकडे होतं, माझं त्यांच्या शेजारी.

हा निधी आधी कळू न शकणाऱ्या खर्चासाठी असतो. पूर आला, छप्पर उडालं, अशासाठी. आमच्याकडे त्यातून दरवर्षी त्याच तारखेला स्मृतिदिन व्हायचा. गावातला आगपेट्यांचा कारखाना जळाला आणि एकेचाळीस कामगार गेले, त्यांचा. पहिल्या वर्षी वरून आयत्या वेळी फर्मान आलं, म्हणून पैसे या निधीतून काढले. पुढे नियमित तरतूद करायची, तर चौदा सह्या लागत होत्या. इथे तिनात भागायचं. मग काय, ये रे माझ्या मागल्या.

अकस्मातराव मागच्या वर्षीची टिप्पणी समोर ठेवून नवी उतरवायचे, फक्त आकडा बदलायचे. त्यांचा थोरला भाऊ त्या एकेचाळिसांत होता, हे नव्या लोकांना ठाऊकही नसायचं. ते सांगायचे नाहीत. म्हातारी आई मात्र दरवर्षी स्मारकाच्या दगडापुढच्या मांडवात यायची. मुलाचं नाव वाचलं जाईपर्यंत बसायची आणि उठायची. वर्षभर तिचं दुसरं कुठे जाणं नव्हतं.

तेविसाव्या वर्षी नव्या लेखाधिकारी बाई आल्या. त्यांनी एका वाक्याखाली लाल रेघ ओढून फाइल परत पाठवली. ‘अचानक उद्भवलेल्या तेविसाव्या वार्षिक स्मृतिदिनानिमित्त.’ बावीस वर्षं त्यावर साहेबांच्या सह्या झाल्या होत्या, एकालाही हसू आलं नव्हतं. मला त्या सह्यांचा अजून राग येतो.

बाईंनी त्यांना बोलावून स्वच्छ सांगितलं. हा खर्च आधीपासून माहीत असतो असं लिहून दिलंत, तर पुढच्या वर्षीपासून नियमित तरतूद मी करून घेते, पण यंदा पैसे मिळणार नाहीत. जुनंच लिहिलंत, तर यंदापुरती सही करते. काय ते तुम्ही ठरवा.

ते जागेवर येऊन बसले. आई शहाऐंशीची, डॉक्टरांनी हात टेकलेले. पुढचं वर्ष तिला मिळेल याची खात्री कोण देणार? मी म्हणालो, लिहून टाका जुनंच, बाविसात एक भर. एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं?

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “दादा गेला ते अचानक,” ते म्हणाले. “तो शब्द मी मांडवाच्या भाड्याला बावीस वर्षं वापरला. आता हात धजत नाही.”

त्यांनी खरं लिहिलं. पैसे नामंजूर झाले. मांडव नाही, खुर्च्या नाहीत, कर्णे नाहीत, म्हणून पाहुणेही नाहीत. आईला सांगायला त्यांना चार दिवस लागले. तिने विचारलं, दगड तर जागेवर आहे ना? मग मला घेऊन चल.

त्या सकाळी दगडापाशी आम्ही सहाजण होतो. आई घरून आणलेल्या स्टुलावर बसली. अकस्मातराव तिच्याजवळ उभे राहून यादी वाचू लागले. सरकारी टिप्पणी वाचावी तसा सपाट आवाज. भावाचं नाव सत्ताविसावं. तेही त्याच आवाजात वाचून ते पुढे गेले. मला वाटलं, आता म्हातारी उठेल. ती उठली नाही. एकेचाळिसावं नाव होईपर्यंत बसून राहिली.

मग तिने मुलाचा हात धरला.

“इतकी वर्षं कर्ण्यातून नुसती घरघर यायची रे,” ती म्हणाली. “पुढची माणसं रुमाल काढायची, तेव्हा मी समजायचे की आपला झाला असेल, आणि उठायचे. आज ऐकलं मी त्याला.”

अकस्मातरावांनी कागदाची घडी घालायला घेतली, पण ती त्यांना जमेना. शेवटी कागद मी घेतला.

“पुन्हा वाच,” आई म्हणाली. “सगळे वाच.”