बंबातलं हिरवं दार

माझी दैवशालाआत्या काही म्हणून टाकत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात तिची तुळस आहे आणि फाटक्या साड्यांच्या गोधड्यांनी कपाट भरलंय. माझ्या भावानं, रामप्रसादनं, हसनाबादच्या आमच्या घराची बाहेरची जुनी दारं-खिडक्या काढून ॲल्युमिनियमची बसवली, तेव्हा निघालेल्या लाकडाला तिनं भंगारवाल्याचा हात लागू दिला नाही. आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हाचं ते सागवान. दर लग्नाकार्याला त्याच्यावर हिरवा ऑइलपेंट फासला जायचा, त्यामुळे चौकटींचे कोपरे पार गोल झाले होते. आत्यानं ते सगळं मागच्या अंगणात पत्र्याखाली रचलं आणि जाहीर केलं, की तृप्तीच्या, म्हणजे माझ्या, बाळंतपणाचं सरपण झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी, तसं माझंही ठरलं. आई जाऊन आठ वर्षं झालेली, म्हणजे सगळं आत्यावरच. ती स्वतः चोविसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, भावाच्या घरी परत आली. मूल नाही. पण गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत. मिशा फुटलेले बाप्येसुद्धा तिला बघून रस्ता बदलतात, कारण कोण न्हाताना काय करायचा हे ती चारचौघांत सांगते. तिला कुणी पैशाचं विचारलेलं चालत नाही. बाळाला तिच्या पायांवर द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच.

लेक झाली. रोज सकाळी आत्या बंबाशी बसायची, हिरव्या चौकटीचे तुकडे आत सारायची, फुंकणीनं फुंकायची. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण पाणी कोपरानं बघितल्याशिवाय बाळाच्या अंगाला लागायचं नाही. मग बंबातले निखारे घमेल्यात काढून माझ्या बाजेखाली ठेवायची, त्यावर ओवा आणि वावडिंग टाकायची. शेक आणि धुरी, दोन्ही झालं. धुराला एक उग्र वास होता. मी एकदा बोलले, तर म्हणाली, जुनं सागवान आहे, वास यायचाच.

सव्वा महिना होत आला होता, तेव्हा आतल्या दोन दारांना रंग द्यायला सलीम पेंटर आला. त्यानं मला आणि बाळाला आधी पुढच्या खोलीत पिटाळलं. खाली प्लास्टिक अंथरलं, दारावर पाणी मारलं आणि ओलं करून करूनच जुना रंग खरवडायला लागला. मी चेष्टेनं म्हटलं, सलीमभाई, दाराला न्हाऊ घालताय का? तो हसला नाही. म्हणाला, जालन्यात पेंटर लोकांची बैठक झाली होती, तिथं कळलं की जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं. कोरडं घासलं की भुकटी उडते, आणि लहान लेकराच्या डोक्यावर, वाढीवर परिणाम होतो. आता नव्या रंगाला कायदा आहे. पण दारावर आधीच बसलेल्या रंगाला कोण सांगणार?

दुपारी तो हात धुवायला मागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या हातात अर्धवट जळालेला लाकडाचा तुकडा होता. त्याच्या एका बाजूला हिरवा रंग फोड आल्यासारखा फुगला होता.

"ताई, हे बंबात जाळून राह्यले का तुमी?"

मी हो म्हटलं.

"कधीपासून?"

मी बोटांवर मोजलं. सदतीस दिवस. सदतीस दिवस तो धूर माझ्या लेकीच्या खालून वर आला होता, आम्ही तिला त्याच्यात मुद्दाम ठेवलं होतं. सलीमनं सांगितलं की शिसं जळून नाहीसं होत नाही, धुरात जातं आणि राखेत उरतं, राखेचे हात साबणानं तीन-तीनदा धुवा. राख म्हटल्यावर मला बाळाला पाजायचं वाटी-बोंडलं आठवलं. आत्या ते राखेनं घासायची.

त्या क्षणी मी जे बोलले ते आजही मला गिळता येत नाही. आत्या बाळाला घ्यायला पुढे आली, आणि मी ओरडले, "हात नको लावू तिला." ती होती तिथंच थांबली. पदराला हात पुसले आणि मागे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाळाचं आणि माझं रक्त घेतलं आणि विचारलं की बंब कोण पेटवायचं. आत्या कोपऱ्यात उभी होती. माझं कशाला, म्हणाली, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही, तिचंही रक्त घेतलं. नमुने बाहेरगावी जाणार होते. पाच दिवस लागतील.

ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाळ जास्त झोपलं तरी भीती, रडलं तरी भीती. मी तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवायची, टाळी वाजवून दचकते का बघायची. रामप्रसादनं उरलेलं लाकूड आणि राख ओली करून पोत्यांत बांधून ठेवली. गॅसवर पाणी तापवून मी स्वतः तिला न्हाऊ घालत होते, तेही धड जमत नव्हतं, ती हातातून निसटायची. आत्या दाराशी उभी राहून बघायची. मान धर, एवढंही म्हणायची नाही. तिला बोल म्हणायचं धाडस मला झालं नाही, आणि राग तर अजून गेलाच नव्हता.

सहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. बाळाच्या रक्तातल्या शिशाचा आकडा चार, म्हणजे धोक्याच्या पाचाच्या आत. औषधाची गरज नाही, जाळणं बंद ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. माझा सहा. आणि आत्याचा एकतीस. एवढा कसा, म्हणून डॉक्टरांनी खोदून विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आत्या दात कशानं घासते. ती आयुष्यभर राखुंडीच लावत आली आहे, आणि सव्वा महिना ती राख त्या हिरव्या दाराची होती. पोटात दुखतं, डोकं धरतं असं ती मधे दोनदा म्हणाली होती. पित्त असेल, असं मीच तिला सांगितलं होतं. पाच दिवसांत तिच्या तब्येतीचा एकही विचार माझ्या मनात आला नव्हता, याची मला लाज वाटली.

मी मागे गेले. ती मोरीवर बसली होती.

"पोरीचं किती आलं?"

मी चार म्हटलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिनं डोळे मिटले. स्वतःचं विचारलंच नाही, शेवटी मलाच सांगावं लागलं. एकतीस ऐकून तिनं नुसती मान हलवली, जसं काही मी शेजारच्या कुणाचं सांगत होते. परवा पुन्हा दवाखान्यात जायचंय, असं म्हटलं तर बरं म्हणाली.

मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. नखांच्या कडा घासून घासून लाल झाल्या होत्या.

"सलीमनं सांगितल्तं तसं साबणानं तीनदा धुतलेत, तृपे. आता घेऊ का तिला?"

मी आत जाऊन बाळाला आणलं आणि तिच्या पायांवर दिलं.