आक्कानं काढलेले बोल्ट

माझी थोरली बहीण आणि दाजी चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान चालवतात. दाजी मापं घेतात, लोखंड कापतात. जोडायचं काम आक्काचं. लग्नाआधी तिनं हातोडीही धरली नव्हती. पुढं दाजींच्या डोळ्यांना वेल्डिंगचा उजेड सोसेना झाला, तेव्हा डोळ्यांपुढं धरायची काळी काच तिनं हातात घेतली ती घेतलीच. हे मला ठाऊक होतं, पण तिच्याकडे गेलो की मी आतल्या खोलीत चहा प्यायचो आणि भाच्यांशी बोलत बसायचो. तिचं काम उभं राहून कधी बघितलं नव्हतं.

मी दुधाचा टेम्पो चालवतो. बार्शीकडच्या गावांतून कॅन उचलायचे आणि सोलापुरात पोचवायचे. गेल्या उन्हाळ्यात इंजिन फटफटायला लागलं. धूर बाहेर नेणारी बिडाची नळी जिथं इंजिनाला जोडलेली असते, तिथलं पॅकिंग गेलं होतं. मेकॅनिकनं ते बदलायला बोल्ट सोडायला घेतले, तर दोन बोल्ट मधूनच तुटले. टोपी पान्यात आणि बाकीचा बोल्ट इंजिनात. एक निदान वरच्या पातळीला होता, दुसरा पार आत. मेकॅनिक म्हणाला, आता इंजिनाचं हेड उतरवून लेथवर न्यावं लागेल, आठवडा तरी धरा. उन्हाळ्यात गावांतलं दूध आठवडाभर कोण उचलणार? मी आक्काला फोन केला तो नुसता मन मोकळं करायला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टेम्पो घेऊन ये म्हणाली.

उरलेल्या बोल्टांवर नळी कशीबशी बसवून, रस्ताभर कानठळ्या बसवत मी दुकानात पोचलो. इंजिन निवेपर्यंत तिनं जेवायला घातलं. मग नळी उतरवली, बॅटरीच्या वायरी काढल्या, आणि टॉर्च मारून त्या दोन भोकांकडे बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं, निघतील का? ती म्हणाली, "बघू की."

वरचा बोल्ट सोपा गेला. त्याच्यावर एक नट ठेवून तिनं तो आतून वेल्ड केला, निवू दिला आणि पान्यानं फिरवून काढला. दुसऱ्याला नट टेकणार तरी कुठं? तो खोल होता. तेव्हा तिनं मला जादाची काच दिली आणि म्हणाली, "धर डोळ्यांपुढं, आन् बघ."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेतून बघितलं. सगळं दुकान नाहीसं झालं. उन्हं, टेम्पो, आक्काचा हात, काहीच दिसेना. अंधारात फक्त एक हिरवा ठिपका, आणि त्या ठिपक्यात वितळलेलं लोखंड दुधाच्या सायीसारखं हलत होतं. तिनं रॉड टेकवला, एक थेंब सोडला, उचलला. वरची राख टोकरून काढली. पुन्हा एक थेंब. भोकाच्या कडेला थेंब लागला असता तर बोल्ट इंजिनाशी कायमचा जोडला गेला असता, पण प्रत्येक थेंब मधोमध पडत होता. थेंबावर थेंब चढत बोल्ट आतून वर येत होता. ही माझी बहीण, जिनं मला कडेवर घेऊन जत्रा दाखवली, ती माझ्यासमोर उजेडातून लोखंड उगवून आणत होती.

बोल्ट वर आल्यावर तिनं त्याला नट जोडला. लाली उतरली तशी कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून बोल्टाच्या आट्यांत शिरलं. मग पाना लावला. मला वाटलं, आता जोर लावेल. तिनं आधी थोडा आवळला, मग थोडा सोडला, पुन्हा आवळला. बोल्ट हलेना. दाजीही हातातलं काम टाकून जवळ आले. एकदम कट्ट असा आवाज झाला आणि आक्काचा हात थांबला.

"तुटला?" मी विचारलं.

तिनं पाना बोटांनी हलकेच फिरवला. तो फिरला.

"न्हाय," ती म्हणाली. "सुटला."

अख्खा बोल्ट बाहेर आला, गंजानं तांबडा, आणि वर तिनं चढवलेलं चकचकीत लोखंड. मी म्हणालो, तुला आधीच माहीत होतं ना? तिनं मान हलवली. "कुटलं माहीत? दर येळेला वाटतं, आता मोडणार. सुटला की मलाच खरं वाटत न्हाय."

मग तिनं भोक कापडानं पुसलं, टॉर्च लावला आणि दाजींना हाक मारली, "अहो, हितं या. आटे बघा की, एक बी दुखावला न्हाय." आम्ही तिघं डोकी जुळवून त्या करंगळीएवढ्या भोकात बघत राहिलो. आत एकाखाली एक आटे, नुकते कोरल्यासारखे, खोलवर गेले होते.

दाजींनी नवं पॅकिंग आणि नवे बोल्ट आणले. नळी बसवून ते आवळायचं काम तिनं माझ्याकडे दिलं आणि स्वतः कुणाच्या तरी गॅलरीच्या जाळीकडे वळली. टेम्पो सुरू केला तेव्हा इंजिनाचा आवाज इतका शांत होता, की तिच्या वेल्डिंगची चरचर मला गाडीत बसून ऐकू येत होती. मी लगेच निघालो नाही.