पेवातले तेल

"निवळू द्या, भाऊसाहेब." असे म्हणताना तो हाताचा तळवा आडवा धरी आणि दुधावरची साय सारावी तसा सावकाश फिरवी. गढूळ पाण्यापासून भाऊबंदांच्या भांडणापर्यंत त्याचा हाच एक उपचार होता. गाव त्याला नाना म्हणे. आता तो नाही. माणसांविषयी लिहिण्याची मला सवय नाही; पण तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, म्हणून थोडे लिहितो.

तापीकाठच्या एका जिनिंग कारखान्यात तो इंजिनावर मिस्त्री होता. मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून. युद्धापूर्वीच कारखाना बंद पडला. जाताना मालकाने त्याला इंजिनाच्या तेलाची दोन पिंपे दिली. त्या तेलाला आता सगळे डिझेल म्हणतात. नानाने ती घरामागच्या पेवात उतरवली. पेव म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीखालचा खड्डा. ज्वारीत घालतात तसा त्याने पिंपांत कडुनिंबाचा पाला घातला, आणि वरून माती लिंपली.

"तेलाला कीड लागते?" मी विचारले.

"ठेवलेल्या कशालाही लागते, भाऊसाहेब. पाला घातलेला बरा."

"आणि इतक्या वर्षांनी ते जळेल?"

"जुनं तूप वैद्य शोधत फिरतात. हे तर तेल शे."

पुढे त्याची एकुलती एक लेक पलीकडच्या काठी दिली. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. परंतु सातव्या महिन्याआधी सून पाठवायची नाही, ही तिच्या सासरची रीत. आणि सातवा महिना आला भर श्रावणात. तापी दोन्ही काठ भरून वाहत होती. कोळ्याची नाव होती, पण पुरात तिच्यात सून बसवायला व्याह्यांनी साफ नकार दिला. "इंजननी होडी आना, मंग पोरले लई जा," असे ते चारचौघांत म्हणाले आणि चारचौघे हसले.

नाना हसला नाही. आठ दिवसांत सुरतेकडची एक जुनी होडी बैलगाडीवरून गावात आली. धुळ्याच्या एका तेलगिरणीने टाकून दिलेले इंजिन तिच्यावर चढले. युद्धामुळे नवे तेल मिळत नव्हते, म्हणून पेव उघडले.

अशा होडीस मामलेदारांची परवानगी लागे. रावसाहेब स्वतः तपासणीस आले. डोक्यास मलमलीचा पांढराशुभ्र फेटा. साक्षीदार म्हणून व्याहीही हजर झाले. ज्या नावेत सून बसवायची नाही, त्याच नावेतून ते आले होते. याची नोंद मी मनातच केली.

काठाला इंजिन उत्तम चालले. तेल टाकीत दोन दिवस स्थिर होते. गाळ तळाशी बसलेला होता. नानाने माझ्याकडे पाहून तळवा आडवा फिरवला. आम्ही चौघे निघालो.

मध्यप्रवाहात लाटांनी होडी हिंदकळली आणि टाकीतले सगळे वर आले. इंजिन दोनदा खोकले आणि रावसाहेबांच्या अंगावर काळा धूर सोडून थांबले. नानाने नांगर टाकला, तेलाची नळी काढली, फुंकली. तिच्यातून काळा, बुळबुळीत लगदा बाहेर आला.

"हे काय?" रावसाहेबांनी विचारले.

"कडुनिंब, साहेब."

"इंजिनात?"

"किडीसाठी."

व्याह्यांना तेवढेच हवे होते. "याही, आते इंजनले काढा पाजा!"

"निवळू द्या," नाना सवयीने म्हणाला.

"इथे?" रावसाहेब ओरडले. "या पुरात?"

तेव्हा नानाने हात जोडले. "साहेब, एक स्वच्छ कापड पाहिजे. माझं धोतर तेलकट. भाऊसाहेबांचं उपरणं जाडं. तुमचा फेटा…"

माझ्या चाकरीत मामलेदारांस कोणी फेटा मागितल्याचे दुसरे उदाहरण नाही. रावसाहेबांनी प्रवाहाकडे पाहिले, काठाकडे पाहिले, आणि फेटा उतरवला.

त्याची चौपदरी घडी झाली. एक टोक मी धरले. दुसरे धरायला कोणी पुढे होईना, आणि नाना तर टाकी ओतत होता.

"याही," नाना मान वर न करता म्हणाला, "पोर सात महिन्यांची गरवार शे. धरा."

व्याह्यांनी टोक धरले. बादलीभर तेल गाळून होईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही.

इंजिन सुरू झाले. पलीकडे उतरल्यावर नाना चिखलात हात जोडून उभा राहिला. बोडक्या डोक्याचे रावसाहेब मला म्हणाले, "लिहा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत परवानगी. तेल गाळूनच भरावे." थोडे थांबून म्हणाले, "कापड अर्जदाराने स्वतःचे आणावे."

तिसऱ्या दिवशी लेक माहेरी आली. आश्विनात तिला मुलगी झाली.

संक्रांतीनंतर सासरी पाठवणी झाली. नदी तोवर उतरली होती. उथळ पाण्याच्या उतारावरून बैलगाडी सहज जात होती. तरी नानाने होडी काढली. मी कचेरीच्या कामाने काठावर होतो. लेक पुढे बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. पलीकडे व्याही गाडी जुंपून उभे होते.

मधोमध गेल्यावर इंजिनाचा आवाज थांबला. माझ्या शेजारचा कोळी नाव सोडायला धावला. "इंजन बंद पडनं, भाऊसाहेब!"

"पडले नाही," मी म्हणालो. "बंद केले आहे."

बिघडलेले इंजिन खोकून थांबते. हे एकदम गप्प झाले होते. नाना सुकाणू सोडून पुढे गेला, खाली बसला आणि त्याने हात पुढे केले. लेकीने बाळ त्याच्याकडे दिले. होडी संथ पाण्यात जागच्या जागी हळूहळू वळत राहिली.

मध्यप्रवाहात होडी थांबवू नये, अशी परवान्यात अट होती. ती माझ्याच हस्ताक्षरात होती. मी पाठ फिरवली आणि कचेरीच्या रस्त्याला लागलो.